‘संगीत खुर्चीघाई’ची नायिका

१

खुर्ची पळवली, ही बातमी ऐकून नागपुरात कोणी हातातला चहा खाली ठेवत नाही. दर निवडणुकीला कोणाची ना कोणाची जातेच. पण त्या गुरुवारी दुपारी सदर भागातल्या नाट्यगृहातून जी गेली, ती खरीखुरी, चार पायांची खुर्ची होती. आणि संध्याकाळच्या नाटकाची नायिका तीच होती.

एरवी वरच्या सुरांत अडखळणारा नटी भैरवीचा आवाज त्या क्षणी असा काही लागला की मागच्या व्हरांड्यात जेवायला बसलेली सगळी मंडळी डबे टाकून धावली.

“गेली! आपली खुर्ची गेली!”

रंगमंचाच्या मधोमध काळ्या फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे खडूचे ठिपके तेवढे उरले होते. नटानं कुठं उभं राहायचं हे कळावं म्हणून आखलेले. त्यातल्या एका ठिपक्याजवळ पांढरा थेंब सांडलेला होता. बाकी काही नाही.

मधुकरराव धोटे खरकट्या हातानंच कपाळ धरून उभे राहिले. बुटीबोरीच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रं चालवून निवृत्त झालेला हा माणूस नाटकासाठी वेडा होता. ‘संगीत नवरीघाई’ हे शंभर वर्षांपूर्वीचं विनोदी नाटक त्यांनी हातात घेतलं, चाली तशाच ठेवल्या आणि शब्द सगळे बदलून टाकले. जुन्या नाटकात एका नवरीमागे गावभरचे उतावळे नवरदेव गात फिरत. यांच्या ‘संगीत खुर्चीघाई’त नवरीच्या जागी आली खुर्ची आणि नवरदेवांच्या जागी उमेदवार. वेताची, पुठ्ठ्याची, सोनेरी रंगाची, दिसायला सिंहासन आणि उचलायला सुपाएवढी हलकी. विंगेतून दोरी ओढली की ती मान वेळावायची, लाजायची, नको असलेल्या उमेदवाराकडे पाठ फिरवायची. लोक तिकीट काढत ते तिच्यासाठी.

“दुसरी कोणती खुर्ची ठेवली तर?” कोणीतरी चाचरत विचारलं.

“प्लॅस्टिकच्या खुर्चीला लाजताना पाहायला येणार आहेत का लोक?” मधुकरराव गरजले. “कोणी केलं हे?”

प्रीतम ठवकर पुढे आला. नायक उमेदवाराची भूमिका आधी त्याची होती. दोन महिन्यांपूर्वी ती रोशनला मिळाली आणि प्रीतमकडे आला पडेल उमेदवार.

“सर, विचारायचं काय त्यात?” तो म्हणाला. “आपण सगळे जेवून राहिलो होतो. स्टेजवर एकटा कोण होता? ज्यानं सकाळी खुर्चीची ओटी भरताना हात जोडले नाहीत, तो.”

सगळ्यांच्या माना रोशनकडे वळल्या.

२

ओटीचा प्रकार असा. जुन्या नाटकात प्रयोगाआधी नवरीची ओटी भरायची रीत होती. नवरीची खुर्ची झाली तशी मधुकररावांनी गमतीनं खुर्चीची ओटी भरायला लावली. पण गंमत पुरुषांपुरतीच राहिली. बायकांनी ती मनापासून केली. कपडेपट सांभाळणाऱ्या रुखमाबाई, म्हणजे मधुकररावांच्या पत्नी, दर प्रयोगाला खुर्चीला हळदकुंकू लावत, मांडीवर खण, नारळ आणि तांदूळ ठेवत. “मले एकच पोरगा, तोही पुण्यात. हेच माई पोरगी,” असं आज सकाळीच त्या हसत म्हणाल्या होत्या.

रोशन खोब्रागडे त्या वेळी विंगेत बाजूला उभा होता. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हापासून त्याच्या घरात पूजाअर्चा नाही. त्यानं ना थट्टा केली ना नाक मुरडलं. हात मागे बांधून शांत उभा राहिला, एवढंच.

आता तोच मधोमध उभा होता आणि बाकीचे त्याच्याभोवती.

“तुझा भाऊ रवींद्र, तो भाऊसाहेबांची गाडी चालवतो ना?” मधुकररावांनी विचारलं. भाऊसाहेब म्हणजे वॉर्डातले पुढारी. पक्ष बदलून बदलून आता त्यांना स्वतःलाही आधीचे सगळे आठवत नसत. नाटकातल्या एका पदावरून ते भडकले आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ये गं ये गं खुर्चीबाई, बैस माझ्या दारी
पक्ष सारे बदलले मी, तूच तेवढी खरी!

“चालवते सर. त्याची नोकरी हाय ते. माझ्या नाटकाचा अन् त्याचा काय संबंध?”

“संबंध पोलीस शोधतील. पाचच्या आत खुर्ची इथं आली नाही, तर तक्रार करतो. आणि तक्रारीत नाव तुझं.”

पुढच्या महिन्यात रोशन एका शाळेत संगीत शिक्षक म्हणून रुजू होणार होता. पाच वर्षं शिकवण्या घेत, लग्नाच्या मिरवणुकांत गात त्यानं या नेमणुकीची वाट पाहिली होती. पोलीस पडताळणीचा कागद तेवढा बाकी होता. तक्रारीत नाव आलं की तो कागद येणार नव्हता.

तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, इतकं हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“मधुकरराव, पाचला अजून वेळ आहे. तोवर मी दोन शब्द बोलून पाहू का मुलांशी?”

३

प्रेमिलाताई वैरागडे सक्करदऱ्याला धोट्यांच्या शेजारी राहत. पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या, पण तिथंही त्यांनी कधी आवाज चढवला नाही. आरोपी म्हणे त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून पुढे वाकत आणि वाकता वाकता कबूल होऊन जात. पहाटे पोथीचा अध्याय, गुरुवारचा उपास, आणि कोणाहीबद्दल दिवसातून एकदा तरी चांगलं बोलायचं, असे त्यांचे साधे नेम होते. आज रुखमाबाईंच्या आग्रहानं त्या सकाळपासूनच नाट्यगृहात आल्या होत्या.

पहिल्यांदा त्या खडूच्या ठिपक्यांजवळ ओणवल्या. पांढऱ्या थेंबाला बोट लावलं, ते नाकाशी नेलं, आणि पदराच्या टोकानं पुसून टाकलं.

“रंग असेल, ताई,” प्रीतम म्हणाला. “सकाळी खुर्चीचा पाय रंगवला होता.”

“पाय तर सोनेरी आहे,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “नारळ कुठं गेला रे?”

“तोही नेला चोरट्यानं. खण, तांदूळ, सगळं. उपाशी असन बिचारा.”

“तुझं पोट भरलं का पण? सगळ्यांचं जेवण अर्धवटच राहिलं.”

“काय भरते? फिक्कं वरण अन् भात. प्रयोगाच्या दिवशी आमाले तिखट बंद, आंबट बंद. सर डबे उघडून पाहतात, शाळेतल्या बाईसारखे.” प्रीतम जरा घुटमळला. “ताई, मले त्याचा रोल पाहिजे, हे खोटं नाही. पण म्हणून मी खुर्ची नाही पळवणार. पळवायची असती त सीन चालू असताना पळवली असती. टाळ्या त भेटल्या असत्या.”

प्रेमिलाताई हसल्या. “हे मात्र खरं बोललास.”

भैरवी रंगपटात गरम पाण्याची वाफ घेत बसली होती. टॉवेलखालूनच बोलली. “ताई, मी स्पष्ट सांगते. ते पद गाळा, असं मी सरांना दहादा म्हटलं. माझे मिस्टर महापालिकेत आहेत. भाऊसाहेबांनी मनात आणलं तर त्यांना उद्या कुठं टाकतील, नेम नाही.”

“मग आज प्रयोग झाला नाही, तर बरंच की.”

टॉवेल खाली आला. “बरं काय? सकाळपासून ज्येष्ठमधाच्या काढ्यावर आहे मी. दही नाही, ताक नाही, लिंबाची फोड नाही. आमच्यातलं कोणीच आज आंबटाला शिवत नाही. एवढे हाल करून न गाता घरी जाऊ? त्यापेक्षा गाते आणि मग भोगते.”

रोशन नाट्यगृहाच्या पायरीवर बसला होता. प्रेमिलाताई त्याच्या शेजारी बसल्या.

“मॅडम, मी होतो स्टेजवर. खोटं काहून बोलू?” तो म्हणाला. “आमच्या नाटकात रोज एक नवं कडवं राहते, त्या दिवसाच्या बातमीवर. ते माझ्याकडे असते. जमून नव्हतं राहिलं, म्हणून फिरून राहिलो होतो. मंग आईचा फोन आला. स्टेजवर रेंज भेटत नाही, म्हणून इथं पोर्चात आलो. वापस गेलो त भैरवीताई ओरडून राहिल्या होत्या.”

“आई काय म्हणत होती?”

“बस्तीतल्या बाया घेऊन येणार आहे आज. पैली रांग पाहिजे म्हणे.” त्यानं हातातला फोन खिशात टाकला. “मॅडम, मी हात नाही जोडले, हा गुन्हा हाय का?”

“नाही बाळा. मी गुरुवारी अन्न घेत नाही. लग्नाच्या पंगतीतही रिकामं पान ठेवून बसले आहे. आपला नेम चार माणसांत पाळायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे.”

पायरी चढून त्या आत वळल्या, तेव्हा रंगपटात मधुकरराव फोनवर ठाण्याचा नंबर शोधत होते.

४

कपडेपट म्हणजे रंगमंचाच्या डाव्या अंगाची अरुंद खोली. दोरीवर शालू, उपरणी आणि पुढाऱ्यांची पांढरी जाकिटं दाटीनं टांगलेली. रुखमाबाई इस्त्री करत होत्या. एकाच उपरण्यावरून इस्त्री फिरत होती.

“या वं ताई. बसा. तुमचा त उपास, तोंडात काही गेलं नसन.” त्यांनी लगबगीनं इस्त्री उभी केली आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. “दही आणलं तुमच्यासाठी. घरच्या म्हशीच्या दुधाचं नाही, पण गोड हाय. साखर घालून घ्या.”

“तुमच्या सरांनी डबा पाहिला नाही का?”

“मले कोण अडवते? मी का गाते?”

प्रेमिलाताईंनी झाकण काढलं. दही खापरासारखं घट्ट लागलं होतं. वर पिवळसर साय. एका कोपऱ्यातली साय तेवढी चमचाभर मोडलेली.

“रुखमाबाई, इथं कोणी शोधलं का?”

“मीच पाह्यलं न. सगळे कपडे वरखाली केले. इथं काहीच नाही.”

प्रेमिलाताईंची नजर दोरीवरच्या कपड्यांवरून फिरली. प्रत्येक पोशाख जिथल्या तिथं, घडीही न विस्कटता टांगलेला होता. खालच्या जमिनीपर्यंत लोळणाऱ्या मोठ्या हिरव्या शालूपाशी ती क्षणभर थांबली.

“रोशनचं वाईट वाटतं मला,” त्या म्हणाल्या. “नोकरी जाईल पोराची.”

इस्त्री पुन्हा त्याच उपरण्यावर फिरू लागली. “त्याचं नाव कसं काय आलं पण? तो त काही... त्यानं कायले न्यावं?”

प्रेमिलाताईंनी डब्याचं झाकण लावलं. एक चमचाही न घेता तो जवळच्या स्टुलावर ठेवला आणि दारातूनच हाक दिली. हाक कसली, त्यांच्या आवाजात जेवढी बसते तेवढीच.

“मधुकरराव, सगळ्यांना इथंच बोलवा. फोन ठेवा आता.”

५

मंडळी कपडेपटाच्या दारात कोंडाळं करून उभी राहिली. प्रेमिलाताई बोलू लागल्या, आणि नेहमीप्रमाणे सगळे पुढे वाकले.

“ज्याला आजचा प्रयोग बंद पाडायचा आहे, त्यानं काय करावं? खुर्ची वेताची, पुठ्ठ्याची. एक लाथ घातली असती तर काम झालं असतं. पण चोरानं ती अलगद उचलली. मांडीवरचा नारळ पडू दिला नाही, तांदळाचा दाणा सांडू दिला नाही. भरल्या ओटीनं नेली. मोडता येत होती तरी मोडली नाही. म्हणजे तिच्यावर चोराची माया आहे.”

“माया?” प्रीतम म्हणाला. “खुर्चीवर त सगळ्याइचीच माया राहते.”

“गप गा,” भैरवीनं त्याला कोपर मारलं.

“आता तो थेंब. तो रंग नव्हता, दही होतं. मुलीची पाठवणी करताना तिच्या हातावर काय ठेवतो आपण? घरातून कोणी दूर निघालं की काय ठेवतो?”

भैरवीचा हात आपसूक स्वतःच्या तळव्याकडे गेला.

“खुर्ची नेणाऱ्यानं आधी तिच्या हातावर दही ठेवलं आणि मग तिला उचललं. त्यातलंच थोडं ओघळलं. हे करून प्रयोग बंद पडत नाही, की काही लपत नाही. उलट माग राहतो. तरी केल्याशिवाय त्या माणसाला राहवलं नाही. ओटी भरलेली पोर तशीच कोरडी कशी पाठवायची?” त्या थांबल्या. “प्रीतम, तू म्हणालास, ज्यानं हात जोडले नाहीत त्यानंच नेली. मला वाटतं, उलटं आहे. ज्याच्या लेखी ती नुसती पुठ्ठ्याची वस्तू आहे, तो तिला दही देत बसणार नाही. रोशन या यादीतून सगळ्यात आधी सुटतो.”

रोशननं भिंतीला टेकवलेलं डोकं वर केलं.

“मग उरलं दही. गाणाऱ्यांपैकी आज कोणाच्याच डब्यात दही नाही. सरांनी स्वतः डबे उघडून पाहिलेत. या इमारतीत आज दह्याचा डबा एकच आला. तो माझ्यासाठी आला, आणि माझ्या हातात पडायच्या आधीच त्याची साय मोडली होती. उपासाच्या बाईला मोडलेलं दही वाढणारी ती बाई नव्हे. तशीच घाई झाली असल्याशिवाय नाही.” प्रेमिलाताईंचा आवाज आणखी खाली आला. “नाव मी घेणार नाही. ज्याचं त्यानं सांगितलेलं बरं असतं.”

खोलीत फक्त इस्त्रीच्या तापलेल्या तारेचा वास होता.

रुखमाबाईंनी प्लग काढला. चालत शालूपाशी गेल्या आणि तो बाजूला सारला. मागे कोपऱ्यात एका पाटावर खुर्ची बसली होती. मांडीवर नारळ, खण, तांदूळ. उजव्या हातावर दह्याचा वाळलेला ठिपका.

“मीच नेली,” त्या म्हणाल्या.

६

मधुकररावांना बसायला काही सापडेना. ते दाराची चौकट धरून उभे राहिले. “तू? अगं, काहून?”

“आठ दिवस झाले, भाऊसाहेबाच्या माणसाइचे फोन येऊन राहिले घरी. तुमी अंघोळीले गेले की येते. ‘खुर्ची स्टेजवर दिसली त स्टेजवरच मोडू, अन् तिच्यासंगं तुमच्या मालकाचे पायही.’ तुमाले सांगितलं असतं त तुमी त्यावरही पद केलं असतं. केलं असतं का नाही?”

मधुकररावांनी हळूच मान डोलावली.

“तुमी सारे जेवून राहिले होते, स्टेजवर कोणी दिसलं नाही. म्हणलं, एक रात तिले लपवून ठेवतो. प्रयोग पुढे जाईन, तवरीक निवडणूक होऊन जाईन. हे पोरगं मधात येईन, हे माया डोक्यातच नाही आलं.” त्या रोशनकडे वळल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “मघापासून सांगतो सांगतो म्हणून राहिलो, पण तोंड उघडे ना. मले माफ कर गा बाबू.”

रोशन रंगपटात गेला, आरशासमोर बसला आणि कापसाच्या बोळ्यानं कपाळाचा रंग पुसू लागला.

“अरे, पुसून काय राहिला?” प्रीतम दारातून म्हणाला. “खुर्ची भेटली न!”

“खुर्ची भेटली,” रोशन म्हणाला. “मी कुठं भेटलो अजून? मले चोर म्हणलं ते स्टेजवर, सगळ्याइच्या समोर. अन् सोडलं कुठं, त कपडेपटात.”

प्रेमिलाताईंनी मधुकररावांकडे पाहिलं. चाळीस वर्षं कामगारांवर आणि नटांवर ओरडत आलेला हा माणूस शालूपाशी गेला. मग त्यांनी खुर्ची स्वतः उचलली, रंगमंचावर नेली, खडूच्या ठिपक्यांवर ठेवली. प्रकाशयोजनावाले, वादक, दारावरचे, सगळे हाका मारून जमवले. आणि मघाशी ज्या आवाजात गरजले होते, अगदी त्याच आवाजात म्हणाले, “रोशन खोब्रागडेवर मी चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. पुरावा नव्हता, विचारपूस केली नाही. त्याचं घर पाहिलं, त्याचा भाऊ पाहिला आणि बोट दाखवलं. चूक माझी. मी त्याची माफी मागतो. आणि माझ्या घरात धमक्या येत होत्या हे मला आठ दिवस कळलं नाही, त्याबद्दल हिचीही मागतो. भाऊसाहेबांच्या माणसांची तक्रार मात्र आत्ता देणार आहे. प्रेमिलाताई, चला माझ्यासोबत.”

“पडेल उमेदवारही माफी मागते,” प्रीतम मागून पुटपुटला. मग जरा मोठ्यानं, “सॉरी यार. मीच सुरू केलं होतं.”

रोशन विंगेत येऊन उभा होता. अर्धं कपाळ पुसलेलं, अर्धं रंगलेलं.

“काकूंले कोणी काही बोलायचं नाही,” तो म्हणाला. “हे कबूल असन त रंग लावतो.”

“कबूल,” मधुकरराव म्हणाले. “आणि तुझं आजचं कडवं? झालं का तयार?”

“आत्ता झालं.”

“म्हणून तर दाखव.”

“नाही सर. आज तुमीही तिकीट काढल्यावानी ऐका.”

तिसरी घंटा झाली, नांदी झाली, पडदा वर गेला. नाट्यगृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत बस्तीतल्या बाया, मधोमध रोशनची आई. दाराशी दोन पोलीस हवालदार, प्रेमिलाताईंच्या जुन्या ओळखीतले. डाव्या विंगेत रुखमाबाई दोरी धरून उभ्या. खुर्चीनं मान वेळावली, लोक हसले. रोशन पुढे आला, खुर्चीभोवती फेर धरला, पायपेटीकडे पाहून मान हलवली आणि जुन्या चालीत, खणखणीत आवाजात नवं कडवं उचललं:

खुर्ची गेली चोरीला अन् शोध सुरू झाला
बसलेले सारे साव, धरा उभा राहिलेला!

टाळ्यांचा कडकडाट असा झाला की पायपेटी ऐकू येईना. उजव्या विंगेत मधुकरराव आधी दचकले, मग लाल झाले, मग पोट धरून हसले, आणि हसता हसता हात वर करून ओरडले, “वन्समोअर! अरे, वन्समोअर!”